काठाची दांडी

धाकटा भाऊ दर वाढदिवसाला अक्काला न लागणारी वस्तू पाठवायचा. मागच्या वर्षी पाय चेपणारं यंत्र आलं होतं, ते पलंगाखाली धूळ खात पडलं होतं. या वर्षी पठ्ठ्याने चक्क माणूसच पाठवला.

"लाइफ कोच म्हणजे काय रे? मला काय वेडबिड लागलंय?" अक्काने फोनवरच त्याला फैलावर घेतलं.

"अगं, वेड्यांचं नाही ते. दर गुरुवारी एक बाई तुला फोन करतील. बोल तर खरं! दिवसदिवस तोंडातून शब्द निघत नाही तुझ्या."

हे मात्र खोटं नव्हतं. अक्का कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे डब्यात भरून यायचे, ती त्यात प्लास्टर ओतायची, गुलाबी मेणावर एकेक दात बसवायची, घासायची, चमकवायची, आणि कवळी डब्यात घालून परत पाठवायची. ज्यांच्या तोंडात ती जायची त्यांचा चेहरा तिने कधी पाहिला नाही. शेजारच्या टेबलावरची दोन पोरं कानात गाण्याची बोंडं खुपसून बसलेली असत. घरी गेल्यावर बोलायला होतं ते फक्त कुकर. इतक्या लोकांच्या बोलण्याची सोय करणारी ही बाई स्वतः मात्र मुकी राहिली होती, आणि याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

कोचबाईंचा आवाज तरुण होता, पण घाईचा नव्हता. "काय हाक मारू तुम्हाला?" त्यांनी आधी विचारलं.

"अक्का म्हणा. भाऊ म्हणतो."

"अक्का, मी सल्ला देत नाही. मी विचारते. उत्तर तुमच्याजवळच असतं."

"माझ्याजवळच असतं तर तुम्ही कशाला?"

बाई मनापासून हसल्या आणि अक्काला त्या तिथेच आवडल्या. मग बाईंनी विचारलं, काय करायचं राहून गेलंय? अक्काला काही सुचेना. एवढ्या वयात हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. कामाच्या खोलीच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा पोहण्याचा तलाव दिसत होता, म्हणून तिने ठोकून दिलं, "पोहायला शिकायचंय."

"छान. मग हेच आपलं ध्येय. ते झालं की आपलं काम संपलं. माझी गरज उरली नाही म्हणजे मी जिंकले!"

तेव्हा अक्काने मान डोलावली. फोनवर मान डोलावून उपयोग नसतो, पण सवय नव्हती ना.

आणि खरंच, बाईंच्या विचारण्यात काहीतरी होतं. पुढच्या गुरुवारपर्यंत कोणतं छोटं पाऊल उचलाल? कोणत्या वारी? आडवं काय येईल? असं विचारून त्या गप्प बसायच्या, आणि त्या गप्प बसल्या की अक्काच बोलून जायची. बोलून गेलं की करावं लागायचं. ती तलावावर गेली, उथळ बाजूची लोखंडी दांडी धरून पाय मारायला लागली, नाकातोंडात पाणी गेलं, चार शिव्या हासडल्या, आणि एके दिवशी दांडी सोडून सरळ पलीकडच्या काठाला जाऊन लागली. तिथे धापा टाकत असताना तिच्या मनात एकच आलं: कधी एकदा गुरुवार येतो आणि बाईंना सांगते!

गुरुवार आला. फोन वाजला. "काय अक्का, काय म्हणतंय पाणी?" बाईंनी विचारलं, आणि अक्काला एकदम आठवलं की ध्येय झालं की काम संपतं.

"नाही हो," ती म्हणाली. "दांडीच सुटत नाही."

"काही हरकत नाही. पुढच्या गुरुवारी बघू." अक्काचा जीव भांड्यात पडला.

पण खोटं बोलायलाही माल लागतो. दांडी धरल्यावर कसं वाटतं, छातीत होतं की पोटात, असं बाई खोदून विचारायच्या. आता पोहता येणाऱ्या माणसाने काय सांगावं? मग अक्काने एक गिऱ्हाईक हेरलं. उथळ बाजूला हिरव्या टोपीच्या एक वयस्कर मावशी रोज दांडीला चिकटून असायच्या. हनुवटी वर, बोटं पांढरीफटक. शिकवणारा शिट्टीवाला येऊन म्हणायचा, "मावशी, एक हात सोडा. मी आहे ना." मावशी एक हात सोडायच्या आणि लगेच घट्ट धरायच्या. अक्का पाण्यातून हे सगळं डोळ्यांत साठवायची आणि गुरुवारी आपल्या नावावर खपवायची. असं तिचं बरं चाललं होतं. आठवडाभर घडलेलं आता ती कोणाला तरी सांगायचं म्हणून जपायला लागली होती.

मग एका गुरुवारी बाई म्हणाल्या, "अक्का, मी तुम्हाला पुरी पडत नाहीये. माझ्या एक सहकारी भीतीवरच काम करतात. तुम्हाला त्यांच्याकडे सोपवू का?"

अक्काच्या पायाखालची जमीन सरकली. हातातली कवळी तिने खाली ठेवली.

"मला येतं पोहायला," ती म्हणाली. "केव्हाचं येतंय."

तिकडून अगदी हळू आलं, "मग?"

"मग तुम्ही फोन करणं बंद केलं असतंत."

तिकडे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. बाईंनाही घर आहे, स्वयंपाकघर आहे, हे अक्काला पहिल्यांदाच जाणवलं. त्यांच्याबद्दल आपल्याला एवढंच माहीत आहे, हेही.

"अक्का, मला फार वाईट वाटतंय," बाई म्हणाल्या. "पण मी दर गुरुवारी फोन करत राहायचं आणि तुम्ही दर गुरुवारी माझ्यासाठी बुडायचं, हे मला नाही चालणार. एक शेवटचं विचारू? हे सगळं माझ्याऐवजी कोणाला सांगावंसं वाटतं?"

"तसं कोणीच नाही," अक्का म्हणाली.

बाईंनी नेहमीसारखी वाट पाहिली. या वेळी मात्र अक्काजवळ पुढे काही नव्हतं. मग दोघींनी एकमेकींना जपा म्हटलं आणि फोन ठेवला. बाई वाईट असत्या तर निदान चार शब्द सुनावता आले असते. तेही नशिबात नव्हतं.

पुढच्या गुरुवारी फोन टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांशेजारी नुसता पडून राहिला. तो वाजणार नाही हे ठाऊक असून अक्काने त्याच्याकडे शंभरदा पाहिलं, आणि मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडली.

तोंड धुऊन ती तलावावर गेली. खोल बाजूला जायचं तिच्या जिवावर आलं. ती उथळ बाजूला उतरली, हिरव्या टोपीच्या मावशींशेजारी दांडी धरून उभी राहिली आणि, जिभेला वळणच पडलं होतं म्हणून असेल, तिने विचारलं, "दांडी धरली की कसं वाटतं हो?"

विचारलं आणि गप्प बसली.

मावशींनी शिट्टीवाला कुठे आहे ते पाहून घेतलं. मग तिच्या कानाशी आल्या. "कोणाला बोलू नकोस हं. मला येतं पोहायला. परकरात होते तेव्हापासून येतं."

"मग?"

"मग काय? येतं म्हटलं तर तो पोरगा कशाला फिरकेल इकडे? मी आहे ना, म्हणतो तो रोज. दुसरं कोण म्हणतंय मला?"

अक्काला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि पाण्यात ते कोणाला कळत नाही हे एक बरं होतं.

मावशींना मात्र कळलं असावं. त्या तिच्याकडे निरखून बघत होत्या. "आणि तू गं? तू तर पार पलीकडे जातेस. रोज बघते मी तुला. आज इकडे कशी?"

अक्काने दांडी घट्ट धरली. "मोठी लांबलचक गोष्ट आहे, मावशी."

"मला कुठे जायचंय?" मावशी म्हणाल्या, आणि दांडीवर तिला जागा करून देत थोड्या सरकल्या.