‘पारंपरिक’ शिक्क्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली बोटभर रबर आणि त्यावर उलट्या अक्षरांत कोरलेला एकच शब्द : पारंपरिक. दुसरं काही मला कधी बोलता आलं नाही. आज मात्र बोलणार आहे.

माझा जन्म १९७६ साली नाशिकला, रविवार कारंजाजवळच्या एका टीचभर दुकानात झाला. मला करवून घेतलं वाल्मीकरावांनी. शेतीवर छोट्या फिल्म काढणाऱ्या एका संस्थेत ते कारकून होते. फिल्ममध्ये कुणाचं गाणं किती वेळ वाजलं, हे गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या मुंबईच्या कार्यालयाला कळवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यावरून गाणं रचणाऱ्याला त्याचा हक्काचा वाटा मिळायचा. पूर्वी जो तो मनाला येईल तसं कळवायचा. कुणी तर पोस्टकार्डावर नुसतं लिहायचा, ‘मध्ये एक बाई गाते.’ शेवटी मुंबईने सगळ्यांसाठी एकच छापील तक्ता काढला. गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती सेकंद. एकही रकाना रिकामा राहिला की तक्ता परत. तक्ता निघाला होता चांगल्यासाठीच, हे मी आजही म्हणेन.

वाल्मीकरावांचा पहिला तक्ता द्राक्षांच्या छाटणीवरच्या फिल्मचा होता. पुढची हकीकत मला खणातल्या फायलींनी सांगितली. त्या फिल्ममध्ये दिंडोरीकडच्या मालनबाई वेल छाटता छाटता गातात :

वेल छाटिली छाटिली, तिला फुटला गं डोळा
माझ्या झुंबरनं मिटला, पुन्हा उघडंना डोळा

झुंबर ही त्यांची लेक. गोवरात गेली, तेव्हा त्यांनी हे गाणं जोडलं. वाल्मीकरावांनी बांधावरच विचारलं होतं, “गाणं कुणाचं, बाई?”

“माझंच हाय. समद्या बाया म्हणत्यात, पण जोडलं मी. माझं नाव लिवा, साहेब. पोरीमागं तेवढंच उरलंय.”

“लिहितो,” ते म्हणाले आणि त्यांनी लिहिलंही. तक्ता परत आला : रचना यांचीच, याचा लेखी पुरावा जोडा. मालनबाईंना अक्षरओळख नव्हती, त्या लेखी कुठून आणणार? वाल्मीकरावांनी त्यांचा अंगठा घेऊन पाठवला. तोही परत. तिसऱ्यांदा कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पारंपरिक लिहा, लगेच मंजूर होईल.’ इकडे फिल्म अडकली म्हणून संस्थेचे साहेब डोक्यावर बसलेले. वाल्मीकरावांना तो शब्द लिहवेना, म्हणून त्यांनी मला करवून घेतलं. नुसतं टेकवायचं, लिहायचं नाही. माझा पहिला ठसा मालनबाईंच्या नावाच्या जागी उमटला.

मग काय, माझी चंगळ झाली. जात्यावरचं, हळदीचं, हरसूलच्या बाजारात ऐकलेलं, कुणाचंही गाणं येवो, ठप्प! मुंबईहून शाबासकी आली, ‘नाशिकचे तक्ते नमुनेदार असतात.’ सहादू शिपाई दर शनिवारी मला फडक्याने पुसायचा. मी चांगलाच शेफारलो होतो, खोटं कशाला सांगू? मालनबाईंचं गाणं इतर संस्थांनीही उचललं. पारंपरिकच ते, विचारायचं कुणाला?

१९७९ साली मालनबाई स्वतः कार्यालयात आल्या. त्यांच्या गावात पडदा लावून ती फिल्म दाखवली होती.

“नाव लिवलं ना, साहेब? बघू द्या मला.”

वाल्मीकरावांनी फाइल उघडली. मालनबाईंनी माझ्या जांभळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. “हेच का माझं नाव?”

वाल्मीकराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हो. हेच.”

“केवढं ठळक हाय! मला एक काढून द्या की. झुंबरच्या फोटूमागं ठेवीन.”

वाल्मीकरावांनी मला शाईला लावलं आणि कोऱ्या चिठ्ठीवर टेकवलं. आपण उमटू नये, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पण शिक्क्याच्या वाटण्याला कोण विचारतो! मी स्वच्छ उमटलो. मालनबाईंनी चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि हसत गेल्या.

चार वर्षांनी त्या पुन्हा आल्या. मधल्या काळात वस्तीवर प्रौढांना शिकवायचा वर्ग निघाला होता. त्यांनी तीच चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि एकेका अक्षराखाली बोट सरकवलं.

“पा… रं… प… रि… क.” मग त्यांनी मान वर केली. “वर्गात पहिलं माझंच नाव शिकले, साहेब. ह्यात म कुठं हाय?”

सहादू चहा सांगायला म्हणून गेला, तो त्या गेल्यावरच परतला.

त्याच दिवशी वाल्मीकरावांनी मुंबईला चूक कबूल करणारं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. महिन्याने उत्तर आलं. हे गाणं एव्हाना अकरा फिल्मच्या तक्त्यांत नोंदलं गेलं आहे, सगळीकडे नोंद एकसारखी आहे, आता बदल करता येणार नाही. वाल्मीकरावांनी मला खणाच्या तळाशी टाकलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला हात लावला नाही. मालनबाई पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, त्यांच्यासाठी आता मला काही करता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. तरी एक विनवणी करतो. तुमच्या घरात, शेजारी कुणी गाणं म्हणत असेल, तर ते कुणी जोडलं हे विचारा. नाव हाताने लिहून ठेवा. माझ्यासारख्याला शाई लावू नका.

परवा नव्या कारकून वत्सलाबाईंनी खण आवरायला काढला. त्यांनी मला उचललं, शाईच्या पॅडवर दाबलं आणि कागदावर टेकवून पाहिलं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “अजून किती छान उमटतोय!”