उल्यानाची सही

मैदानाच्या कडेला अँब्युलन्स उभी नसेल तर रेफरी शिट्टी वाजवत नाही. नियम चांगला आहे, पोरींच्या भल्यासाठीच केलेला. आणि त्याच नियमानं आमच्या उल्याचा घात केला. नियमानं कसला म्हणा! मी केला. उगाच नियमाच्या डोक्यावर खापर कशाला फोडू?

मी रिम्मा. अकरा वर्षं 'इवूश्का'कडून खेळले, त्यातली सहा कॅप्टन म्हणून. 'इवूश्का' म्हणजे आमच्या व्होल्गाकाठच्या गावातला बायकांचा फुटबॉल क्लब. वरच्या लीगमध्ये कसाबसा तग धरून होता. पुरुषांच्या क्लबांना बस असते, डॉक्टर असतो, मालिशवाला असतो. आम्हाला सेम्योनिच होते. तेच कोच, तेच ड्रायव्हर, आणि बूट फाटला की सुई-दोरा घेऊन बसणारेही तेच.

कागदपत्रं माझ्याकडे असत. हॉटेलचं रजिस्टर, ट्रेनची यादी, लीगचे फॉर्म, जिथं म्हणून सतरा जणींच्या सह्या लागायच्या तिथं मी एकटी बसून सतरा सह्या ठोकायचे. पोरी अंघोळीला गेलेल्या असायच्या, कोण कुणाला हुडकत बसणार? उल्यानाची सही तर मला झोपेतही जमली असती. एक मोठं अक्षर आणि मागं लांबलचक शेपटी, संपलं. "रिम्मा, माझ्या लग्नाच्या कागदावर पण तूच कर गं, मला मेलीला कंटाळा येतो," ती म्हणायची आणि सगळ्या खिदळायच्या.

उल्याना, म्हणजे उल्या, आमची गोलकीपर. बावीस वर्षांची, पंजे फावड्याएवढे, आणि झोप अशी की बसमध्ये टेकली की घोरायलाच लागायची. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला राष्ट्रीय संघाच्या कॅम्पचं बोलावणं आलं होतं. आमच्या गावातून इतकं वर कुणी गेलं नव्हतं. मला आनंद झाला. थोडं पोटात दुखलंही, खोटं कशाला बोलू. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते आणि मला असलं पत्र कधी आलं नव्हतं.

ऑक्टोबरातली शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती. हरलो असतो तर खालच्या लीगमध्ये, आणि खाली गेलो असतो तर क्लबला कुलूप. वरच्या साहेबांनी सेम्योनिचना तसं तोंडावर सांगितलं होतं. बरोबरी झाली तरी भागणार होतं. सकाळीच बर्फ पडलेला, आम्हीच फावडी घेऊन मैदान साफ केलं. बघायला साठेक माणसं, त्यातली निम्मी आमच्या घरची आणि उरलेले सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले म्हातारे. त्यांचं नेहमीचं सुरू होतं, "अगं ए, चुलीवर बोर्शचं सूप उतू जातंय, घरी जा!" आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

पहिल्या हाफमध्ये आम्ही एक गोल केला. दुसरा हाफ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, समोरच्या संघाची एक धिप्पाड पोर एकटीच चेंडू घेऊन सुटली. मी मागं पडले. मागं पडले म्हणजे पायांत पळायचं बळच उरलं नव्हतं. उल्या पुढं झेपावली, चेंडू छातीशी कवटाळला आणि त्या पोरीचा गुडघा तिच्या डाव्या कुशीत खाडकन बसला. तो आवाज मला वीस पावलांवरून ऐकू आला.

"ऊठ गं, वेळ काढतेस म्हणून कार्ड देईल रेफरी," मी म्हटलं.

ती उठली. पाच मिनिटं खेळलीसुद्धा. मग खांबाला धरून वाकली आणि भडाभडा ओकली. सेम्योनिचनी तिला बाहेर घेतलं आणि अग्नियाला उतरवलं. अग्निया आमची दुसरी गोलकीपर, सतरा वर्षांची, भीतीनं तिचे दात वाजत होते.

थोड्या वेळानं त्यांच्या एकीच्या पायात गोळा आला आणि खेळ थांबला. सेम्योनिचनी मला हात करून बोलावलं. उल्या बाकावर आडवी होती, अंगावर घोंगडी, ओठ पांढरेफटक. अँब्युलन्सवाल्या बाई तिच्या पोटावर हात ठेवून होत्या.

"हिला हॉस्पिटलात न्यायचं. आत्ताच्या आत्ता," बाई म्हणाल्या.

सेम्योनिचच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, तुमची गाडी गेली तर मॅच बंद पडेल. दुसरी गाडी नदीपलीकडे आहे, ती वेळेत यायची नाही. नाही आली तर आम्ही तीन-शून्यनं हरलो. माझ्या गाडीतून नेतो ना मी हिला!"

"तुमच्या त्या खटाऱ्यात? बसवून? आतून रक्त जात असेल तर वाटेतच जाईल पोरगी. झोपवून न्यायची ती."

"जात असेल, म्हणजे नक्की नाही ना?"

"नक्की कळायला तिथं मशीन आहे. इथं माझे हात आहेत फक्त."

सेम्योनिच माझ्याकडे बघायला लागले. भला माणूस, पण अशा वेळी हात वर करायची त्यांची सवय जुनी. "रिम्मा, तू कॅप्टन आहेस. तू सांग."

मी काय सांगावं? पंचवीस मिनिटं राहिली होती. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि तो कुलूप लावणारा साहेबही. मी म्हटलं, "बाई, ही अशीच आहे हो. मॅचच्या आधी कढईभर कांदा-बटाटे चापून येते आणि मग ओकते. दर वेळचं नाटक आहे हिचं."

धादांत खोटं. उल्या मॅचच्या आधी चहाशिवाय काही घ्यायची नाही.

बाईंनी चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं. मग पॅडवरचा एक छापील कागद काढला. "ठीक आहे. हॉस्पिटलात यायला नकार, असं लिहून तिनं सही करायची. तिनं, तुम्ही नाही. मी ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन येते."

त्या गाडीकडे वळल्या. मी कागद घेऊन बाकापाशी गुडघ्यावर बसले. उल्याचे डोळे अर्धवट मिटलेले होते. तिनं माझी बाही धरली आणि हळूच विचारलं, "जिंकतोय ना?" मी म्हटलं, "हो." एवढंच बोललो आम्ही. पेन माझ्या हातात होतं. मी बाईंकडे पाठ केली आणि एक मोठं अक्षर, मागं लांब शेपटी. हात जराही कापला नाही, सवयीचाच होता तो. बाई परत आल्या तसा कागद त्यांच्या हातात दिला आणि मी मैदानात पळाले.

मॅच एक-शून्यवर संपली. शेवटची दहा मिनिटं मी पोटानं, तोंडानं, मिळेल त्यानं चेंडू अडवले. शिट्टी झाली तशा आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. म्हातारे चक्क टाळ्या वाजवत होते. त्या गोंधळातच अँब्युलन्स उल्याला घेऊन, दिवा फिरवत फाटकातून बाहेर पडली. मला वाटलं, चला, निघाली एकदाची, आता सगळं ठीक होईल. देवाशपथ, मला तसंच वाटलं.

उल्याची डावी किडनी फाटली होती. काढूनच टाकावी लागली. सर्जन तरुण होता, झोपेविना डोळे लाल. तो म्हणाला, "अर्धा तास आधी आणली असती तर कदाचित शिवता आली असती. कदाचित. आता एका किडनीवर जगेल ठणठणीत. पण फुटबॉल विसरा, तसं सर्टिफिकेट तिला कुणी देणार नाही."

आठवड्यानं लीगकडून एक गृहस्थ चौकशीला आले. मी संत्री घेऊन गेले होते, तेव्हा ते उल्याच्या खाटेपाशीच बसलेले. तोच कागद त्यांनी तिच्यापुढं धरला. "नकाराची ही सही तुमचीच का?"

मी दारातच थांबले. उल्यानं कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मग दाराकडे, माझ्याकडे बघितलं.

"माझीच," ती म्हणाली.

गृहस्थ खूश झाले, त्यांचं काम सोपं झालं. क्लब सुटला, सेम्योनिच सुटले, मी सुटले. उल्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी संत्री टेबलावर ठेवून निघून आले. तिची आई जिन्यात भेटली आणि माझे हात धरून म्हणाली, "तू होतीस म्हणून बरं गं पोरी, तिच्याजवळ आपलं माणूस होतं." थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

आणि जानेवारीत 'इवूश्का' बंद झाली. हो, बंदच! पुरुषांच्या एका बड्या क्लबला बायकांचा संघ हवा होता, लीगमधली आमची जागा त्यांच्या घशात गेली. साहेब म्हणाले, "तुम्ही जागा राखलीत, फार मोठं काम केलंत." सेम्योनिचना एक घड्याळ मिळालं. अग्नियाला त्या क्लबनं घेतलं, बाकीच्यांना नारळ. आता त्यांच्या मॅच टीव्हीवर दाखवतात, मैदानाबाहेर दोन-दोन अँब्युलन्स उभ्या असतात. मी चॅनल बदलते.

उल्याला त्यानंतर मी चार वर्षांनी भेटले. मला शाळेत खेळाच्या बाईची नोकरी मिळत होती, त्यासाठी तब्येतीचा दाखला हवा होता. गावच्या दवाखान्यात गेले तर दाखल्यांच्या खिडकीत तीच. अंगानं भरलेली, केस कापलेले, पंजे तेच. माझ्या मागं आठ-दहा बाया रांगेत.

"आडनाव?" तिनं विचारलं. जणू ठाऊकच नव्हतं.

मी सांगितलं. तिनं कपाटातून माझी फाईल काढली, शिक्का मारला. चार वर्षं घोळवलेलं एकदम माझ्या तोंडून सांडलं. "उल्या, मला वाटलं होतं आपला क्लब वाचेल. मला माफ कर गं."

मागची म्हातारी कुरकुरली, "अहो, खिडकीवर काय रडगाणं लावलंय? आमचे गुडघे दुखतायत!"

उल्यानं मान वर केली नाही. "मी बाकावर शुद्धीत होते, रिम्मा. पेन कागदावर फिरलेलं मला ऐकू आलं. तू विचारलं असतंस ना, तर मी स्वतःच केली असती. तुम्हा सगळ्यांसाठी केली असती. तू विचारलंसच नाही."

मग तिनं दाखला आणि रजिस्टर खिडकीतून माझ्यापुढं सरकवलं, पेन त्यावर ठेवलं.

"सही कर इथं," ती म्हणाली. "स्वतःची."