परशरामाचा बिल्ला

जर्मनच्या लढाईत परशराम बसऱ्याला गेला होता खरा, पण लढायला नव्हे, पलटणीची खेचरं हाकायला. तिथल्या बाजारात त्यानं चांदीचं एक जुनं नाणं घेतलं. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मधोमध गरुड. रोमच्या कुण्या सरदारानं आपल्या पलटणींच्या मानासाठी ते पाडलं होतं म्हणे. वडगावात परतल्यावर परशरामानं ते छातीवर लावलं आणि सरकारनं बहादुरीचा बिल्ला दिला, असं सांगून मोकळा झाला. गाव तरी कुठं बसऱ्याला गेलं होतं?

खंडेनवमीला विणकरांच्या घरोघरी मागाची पूजा चालली असताना शेजारची दुर्गाबाई दारात आली. तिचा नवरा अंबाजी माग सोडून त्याच पलटणीत गेला आणि तिकडंच लढताना पडला.

"अण्णा, त्यास्नी न्हाय व्हय मिळाला असला बिल्ला? मागावर ठेवून पूजला असता."

खरं सांगायची हीच वेळ होती.  पण परशरामानं छातीवरचं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं.

"ह्यो अंबाजीचाच हाय, दुर्गा. मीच ठेवून घेतलता."

आता ती शिव्या देईल, थुंकेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

दुर्गाबाईनं नाणं कपाळाला लावलं. "तुमी जपून ठेवलासा, म्हणून तरी घरी आला," म्हणत ती त्याच्या पाया पडायला वाकली.

परशरामानं पाय मागं ओढले. तरी तिचा हात पोचलाच.