सात घोड्या आणि एक ड्रोन

“एजे, तुमच्या घोड्यांवरून ड्रोन उडवू का?”

हे विचारलंस तर सायरागुल एजे बादली फेकून मारतील, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. बिश्केकच्या बागांतून रखवालदार हाकलतात, म्हणून आम्ही शहराबाहेर एजेंच्या, म्हणजे ताईंच्या, या कुरणावर आलो होतो.

“उडव की! आत्ताच घोड्यांच्या धारा काढून झाल्यात.”

मी उडवला. भुणभुण ऐकताच सातही घोड्या उधळल्या आणि टेकडीपलीकडे दिसेनाशा झाल्या.

“एजे, मी शोधून आणते!”

“बस गं, चहा पी. त्यांची शिंगरं इथं दावणीला बांधलेली आहेत. आया जाणार कुठं?”

वाडगाभर चहा संपायच्या आत पहिली घोडी टेकडीवर दिसली. मग बाकीच्या रमतगमत आल्या. मी दोनदा मोजल्या, सात म्हणजे सातच! मी आनंदाने ओरडणार होते, पण त्या पुन्हा उधळतील म्हणून तोंडावर हात दाबला.

एजेंनी बादली खरंच दिली, पण हातात. “पळवलंस ना त्यांना? आता दोन तासांनी पुढची धार, ती काढायला शीक.”

घरी पोचताच मी सांगून टाकलं, “आई, बाबा, या सुट्टीत मी इस्सिक-कुल तळ्यावर येणार नाही. रोज कुरणावर आधी धारा, मग ड्रोन. एजेंना शब्द दिलाय.”