गाऱ्हाण्यातली कबुली

सारिका पवार सरपंच झाली, कारण जागा राखीव आली आणि गावात शिकलेली कातकरी बाई दुसरी नव्हती. काजूच्या बागेतली माकडं हाकायला गावाला कातकरी चालतात. खुर्चीत चालत नाहीत. तरी उपसरपंच दत्तप्रसादने तिचा अर्ज स्वतः भरला. सही कुठे करायची ते आपण दाखवू, असा त्याचा हिशोब.

तिने सही केली नाही. ठराव होता कातकरीवाडी उठवून किनाऱ्याची जागा हॉटेलला द्यायचा. तिचं खोपटं त्याच वाडीत.

मग गावाने तिला देवळाकडे बोलावलं. आत नाही, पायऱ्यांखाली. आमच्याकडे गाऱ्हाण्यात, म्हणजे गावाच्या वतीने देवाला घातलेल्या सादेत, पडलेला शब्द कोणी मोडत नाही, आणि ज्याचं नाव घेतलं तो नारळ फुटेपर्यंत गप्प राहिला की ती कबुली. दत्तप्रसादला हे ठाऊक होतं. तिलाही.

गाऱ्हाणं घालणारे म्हातारे हरिश्चंद्र नारळ घेऊन उभे राहिले; त्यांच्या दर वाक्याला गावाने होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा, ह्यो गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ही सारिका राजीखुशयेन खुर्ची सोडता..."

"व्हय म्हाराजा!"

सासू काशीबाईने तिचा दंड घट्ट धरला. "गप रव गो. हेंका सोडून खंय जावचा?"

"आणि वाडी सुखान उठान जाता..."

"नाय म्हाराजा!"

सगळा मंडप मागे, पायऱ्यांखालच्या सारिकाकडे वळला. असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं.

"माकडां मारणारी आता देवाक शिकवतली!" कोणीतरी हसलं.

"देवाक नाय, तुमका सांगतंय. माका खुर्ची सोडूची नाय. माझा नाव घेवन देवळात खोटा कित्याक बोलतास?"

दत्तप्रसाद पायऱ्या उतरून तिच्या अंगावर धावला. "काका, तुमी फोडा नारळ!"

हरिश्चंद्रांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. तिची त्यांना दया नव्हती. कातकऱ्यांची पोरं ते अंगणातही येऊ देत नसत. पण देवाला घाबरत.

"ती नाय म्हणता आणि मी फोडू? पाप तू घेवक तयार आसस काय रे?"

नारळ पिशवीत गेला.

"मगे अविश्वासाचो ठराव आणतंय!" दत्तप्रसाद ओरडला.

"आण. कोण कोण हात वर करता ता माका बघूचा आसा."

दुसऱ्या सकाळी वाडीचा नळ कोरडा. काशीबाईने तिला शिव्यांची लाखोली वाहिली. सारिका पंचायतीत गेली, खुर्ची ओढून बसली आणि शिपायाला म्हणाली, "पाणी सोडणाऱ्या बाबलीक बोलव. आत्ताच्या आत्ता."