सरस्वतीच्या अर्धशिशीच्या तारखा

मी एक जुने कॅलेंडर आहे, १९९७ सालचे. माझे एकही पान आजच्या दिवसाशी जुळत नाही, तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मित्रांनो, सुरतेच्या एका साडीच्या व्यापाऱ्याने मला छापून घेतले आणि घरी साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या बायकांना वाटले. तिथल्या गोडादरा वस्तीतल्या सरस्वतीने मला पंख्यासमोरच्या खिळ्याला अडकवले. दिवसभर मी फडफडत असे.

सरस्वतीला अर्धशिशी होती. अर्धे डोके ठणके, उजेड सोसत नसे, उलट्या होत. टिकल्यांच्या गोंदाचा वास आला की ती भिंतीकडे तोंड करून पडे. तिच्या सासूबाई, धुरपदाबाई, शेजारणीला अहिराणीत ऐकवत, "भाकरी टाकाना टाइम व्हयना का हिनं डोकं दुखस." शेजारीण हसे. कधी कधी सरस्वतीही हसे, आणि ते मला जास्त लागे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितले, डोके दुखेल त्या दिवशी ठिपका दे, पाळी येईल त्या दिवशी फुली मार. जानेवारीत ठिपका, दोन दिवसांनी फुली. फेब्रुवारीत तसेच. मार्चमध्येही तसेच. कोणीतरी वर बघावे म्हणून मी पाने आपटत राहिले.

श्रावण जवळ आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते. खानदेशातून आलेल्या घरांचा हा वर्षाचा मोठा सण. पाळी आलेल्या सुनेला देवीजवळ जाता येत नाही, म्हणून सरस्वती दरवर्षी पाळी लांबवायच्या गोळ्या घेई. गल्लीतल्या बऱ्याच जणी घेत. पण गोळ्या थांबल्या की तिला चार-चार दिवस उठवत नसे. या वर्षीही फुलीचा दिवस त्याच रविवारी येत होता. धुरपदाबाईंनी गोळ्यांची पट्टी आणून ठेवली.

सरस्वतीने मला खिळ्यावरून काढले आणि सासूबाईंना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी माझी पाने उलटली. पाळीच्या आधी अंगातले एक संप्रेरक झपाट्याने उतरते, काही बायकांचे डोके त्यानेच उठते, गोळ्या थांबल्यावरही तसेच होऊ शकते, असे त्यांनी समजावले. मग माझे पान पुढे करून त्या धुरपदाबाईंना गुजरातीत म्हणाल्या,

"बा, आ नखरां नथी. तारीख जुओ."

धुरपदाबाईंना अक्षर येत नव्हते, पण ठिपके दिसत होते. त्यांचे बोट पानांवरून फिरत राहिले. त्यांची स्वतःची पाळी जाऊन दहा वर्षे झाली होती. मग त्या म्हणाल्या, "मन्हं बी असंच दुखे. पाळी गयी नि दुखनं बी गये. माले वाटे, मीच कामचुकार शे."

सरस्वतीने गोळ्या घेतल्या नाहीत; पाळी आली आणि त्या रविवारी ती बाहेर ओट्यावर बसली. डोके दुखतच होते. कानबाईच्या नैवेद्याचे रोट धुरपदाबाईंनी एकटीने केले. शेजारीण सून कुठे म्हणून विचारायला आली, तेव्हा त्यांनी हातातले काम न थांबवता सांगितले, की तिचे दुखणे खरे आहे आणि कानबाईला ते कळते.

मित्रांनो, घरातले कोणी दुखते म्हणाले, तर आधी खरे माना. तारखा मागाहून मोजता येतात.