लाल बदामाची खूण

समुद्रातून पाहिलं तर आमचं मुरबे गाव सगळं हिरवंच दिसतं. सुरूची झाडं हिरवी, माड हिरवे. फक्त पौषात आमच्या अंगणातला बदाम लाल होतो. एक पान विटकरी, एक डाळिंबी, एक अर्धं पिवळं राहिलेलं. शोभा म्हणाल तर अशी की येणारे-जाणारे फोटो काढतात. पण ती पानं गळतात थेट सुकत घातलेल्या जवळ्यात, आणि वेचत बसायचं कोणी? मी!

यंदा शाळेने पालघरला बागकामाच्या शिबिराला पाठवलं. छाटणीत माझा पहिला नंबर आला. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल ओरबाडली जात नाही. आणि एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही. हे मला पाठ होतं. पण शिडीवर चढले, करवत चालायला लागली, खालून मैत्रीण पारू "वा गं वा!" करायला लागली, मग मी थांबतेय कशाला? घरी कोणी नव्हतं. आजा डोळे दाखवायला गेलेला, हिमानीकाकी बाजारात. दुपारपर्यंत बदामाचे नुसते खुंट उरले.

काकी आली आणि डोक्यावरची पाटी उतरवायचंच विसरली.

"पूर्वी," ती हळूच म्हणाली, "आता तो कशावर येल?"

तो म्हणजे कुंदनकाका, तिचा नवरा. सहा वर्षांपूर्वी अशाच पौषात छोटी होडी घेऊन गेला, तो आला नाही. होडी सापडली नाही, काका सापडला नाही. काकीच्या हातात अजून हिरवा चुडा आहे.

संध्याकाळी आजाने झाड पाहिलं आणि ओट्यावर बसला. "खाडीच्या तोंडाला दोनी बाजूंनी वाळू हाय. लाल बदाम न् देवलाचा कळस एका रेषेत आला की मधी पाणी खोल. कुंदनला मीच शिकवलेली ती खूण."

"आजा, आता सगळ्यांकडे जीपीएस असतं."

"त्याच्याकडं नाय," आजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीला मी भांडी घासत होते आणि इंजिन ऐकू आलं. टक टक टक, मग एक ठोका गाळून पुन्हा टक टक टक. मी धावत किनाऱ्यावर गेले. ऊन लखलखत होतं, समुद्र रिकामा. आवाज मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे गेला, वळला, परत आला. रस्ता चुकलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी घुटमळतो ना, अगदी तसा.

"चौथा ठोका खातंय," आजा मागे उभा होता. "आपलंच इंजिन."

ओहोटी लागली तसा आवाज विरला. दुसऱ्या भरतीला पुन्हा. तिसऱ्या दिवशी तो दमलेला वाटला. काकी तीन दिवस जेवली नव्हती. समुद्राकडे तोंड करून पायरीवर बसायची. "वाळूवर चढंल गं. फुटंल. घराच्या तोंडाशी येऊन फुटंल."

मी रडले वगैरे नाही. म्हणजे थोडी रडले. मग म्हटलं, झाड मी बोडकं केलं, तर लालही मीच करणार. लाल मिळेल ते गोळा केलं: माझा खेळाचा टी-शर्ट, ओढणी, आजाचे रुमाल, पारूच्या आईचं लुगडं. मी शिडीवरून खुंटांना बांधत होते, पारू खालून एकेक वर देत होती.

"लोक म्हणतील, पूर्वीने झाडावर धुणं वाळत घातलं!"

"म्हणू देत. दे तू."

शेवटचं लाल पातळ पारूने नाही, काकीने वर दिलं. तिच्या लग्नातलं. "हे शेंड्याला बांध."

गाठ मारली आणि भरतीबरोबर बाहेर घुटमळणारा आवाज थबकला. मग सरळ झाला. घुटमळणं नाही, वळणं नाही. टक टक टक करत खाडीच्या तोंडातून आत आला, मासळी टांगून सुकवतात त्या वलांड्यांमागून गेला आणि धक्क्यावर येऊन बंद पडला.

काकीने तोंड धुतलं, केस बांधले. दारापर्यंत गेली आणि चौकट धरून उभी राहिली. "मना एकटीला नाय जमायचं. तू चल."

धक्क्यावर कोणी नव्हतं. पाणी मात्र पायऱ्यांवर आपटत होतं, होडी लागल्यावर आपटतं तसं. काकीने माझा हात घट्ट धरला आणि दुसरा हात पुढे केला, दोर झेलायला करतात तसा.

त्या हाताला हिसका बसला. खरंच सांगते, ओढ तिच्या अंगातून माझ्या खांद्यापर्यंत आली, माझी चप्पल दगडावरून सरकली. काकीने पाय रोवले. माझा हात सोडून दोन्ही हातांनी ती ओढू लागली. जे दिसत नव्हतं त्याचे धक्क्यावरच्या होडी बांधायच्या खुंटाला दोन वेढे घातले, टोक आत खोचलं. तिच्या तळव्यावर ओला लाल वळ उठला होता.

"काकी, चल ना घरी."

"थांब. आधी उतरू तर दे त्याला."

तिने डोक्यावर पदर घेतला आणि पायरीवर एका माणसापुरती जागा सोडून बाजूला झाली. मीही सरकले.